गाडीतळावरचा थीसिस

रेसिडेंट डॉक्टरकडे दोन गोष्टी न मागता साचतात. एक एप्रनवरचे डाग, दुसरे किस्से. डाग धुतले की जातात म्हणे! पण आम्ही एमडी करत होतो त्या वर्षांत बीड जिल्ह्यावर पाऊस असा रुसला होता की धुवायलाही पाणी नव्हतं. त्यामुळे दोन्ही राहिले. आजही बॅचमधलं कुणी भेटलं की चहा येईपर्यंत दोन आणि चहा गार होईपर्यंत पाच किस्से होतात. नवरा विचारतो, "अगं, तुम्ही अभ्यास कधी केलात?" त्याला काय सांगू, हाच केला!

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. आमचे मोठे सर, मेडिसिनचे प्रमुख, मूळचे कोकणातले. आवाज हळू, पण त्या हळू आवाजात बोलायला लागले की आम्ही एप्रनची बटणं लावायचो. वॉर्डाच्या इनचार्ज लोखंडे सिस्टर. डॉक्टर येतात आणि जातात, वॉर्ड आपलाच, हे त्यांचं मत. आणि ते खरंच होतं. माझा जोडीदार रेसिडेंट बब्रुवान, पाटोद्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, त्याला सगळे बब्रू म्हणायचे. आणि मी सुजाता. तलवाड्याच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांची मुलगी, आमच्या बौद्धवाड्यातली पहिली डॉक्टर. बाबांनी तर माझा एमडीला नंबर लागला त्या आठवड्यातच पेंटरकडून नावाची पाटी करून घेतली होती. 'एम.डी.' सकट! तीन वर्षं ती पाटी घरात पलंगाखाली पेपरात गुंडाळून होती.

*

दर गुरुवारी दुपारी आमचा जर्नल क्लब असायचा. एकाने नवीन संशोधनाचा लेख वाचून समजावून सांगायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. हे कागदावर. प्रत्यक्षात बोलायला कुणी उभं राहत नसे, सगळे बुटांच्या लेसकडे बघत बसायचे.

त्यात हॉस्टेलचा टँकर यायचा गुरुवारीच, दुपारी, बरोबर जर्नल क्लबच्या वेळेला. हॉर्न वाजला की मेडिकल सायन्स तिथेच टाकून आम्ही बादल्या घेऊन धावायचो. एकदा तर सर फळ्याकडे तोंड करून हृदयाचा आलेख समजावत होते. वळून बघतात तर हॉल रिकामा!

सर रागावले नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांनी फक्त एक नियम सांगितला. "जो लेख मांडेल, त्याच्या दोन बादल्या बाकीच्यांनी भरायच्या. रांगेत पहिल्या."

मग काय विचारता! बोलणाऱ्यांची यादी लागली. इंग्रजीत वाक्य जुळवताना ज्याला घाम फुटायचा तो बब्रू एका महिन्यात तीनदा उभा राहिला. तिसऱ्यांदा सरांनी विचारलं, "बब्रुवान, एकदम एवढा अभ्यास?"

बब्रू म्हणाला, "सर, आंघोळ करून आज चौथा दिवस हाय!"

आज तो मोठमोठ्या सभागृहांत न अडखळता बोलतो. मीही बोलते. हे सगळं त्या दोन बादल्यांचं देणं आहे, आणि सरांचं.

*

सरांचा दुसरा नियम पत्राचा. खेड्यातल्या डॉक्टरने आपल्याकडे पेशंट पाठवला, तर पेशंट घरी जाताना त्या डॉक्टरला हाताने पत्र लिहायचं. काय निघालं, काय केलं, पुढे काय बघायचं. आम्हाला वाटायचं, कशाला ही उठाठेव? सर म्हणायचे, "ओळखी वर करायच्या असतात असं तुम्हाला वाटतं. खाली करा. वरचे बदलून जातात."

पाटोद्याकडच्या एका खेड्यात मुळे डॉक्टर म्हणून म्हातारे गृहस्थ होते. आयुष्य एका खोलीच्या दवाखान्यात काढलेले. त्यांनी तापाचा एक पेशंट पाठवला. बब्रूने तपासून, औषध देऊन घरी सोडला आणि पत्र लिहिलं. चांगलं दीड पानी. मुळे डॉक्टरांचं निदान कसं चुकलं, हे जरा जास्तच सविस्तर.

आठ दिवसांनी उत्तर आलं. पोस्टकार्ड. 'आपले पत्र मिळाले. आनंद झाला. पेशंट आता ठणठणीत आहे. आपल्या औषधाने ताप उतरला नाही, म्हणून माझे चालू केले.'

बब्रू दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी एसटी पकडून मुळे डॉक्टरांच्या पाया पडून आला. येताना ते पेशंट कसा बघतात ते शिकून आला, आणि शेंगदाण्याची पिशवीही घेऊन आला.

*

एकदा राज्याच्या डॉक्टरांच्या परिषदेला सरांनी आम्हा दोघांना औरंगाबादला पाठवलं. जाताना बजावलं, "नुसतं खुर्चीत बसून येऊ नका. जेवणाच्या रांगेत तीन अनोळखी माणसांना स्वतःची ओळख करून द्या. पुढे उपयोगी पडतं."

मी घाबरत घाबरत दोघांना गाठलं. तिसऱ्यापर्यंत पोचेतो भात संपला.

परत आल्यावर सरांनी बब्रूला विचारलं, "तुझे तीन कोण?"

"एक वाढपी सर, आपल्या सिरसाळ्याचा. एक माईकवाला, त्याचं आजोळ पाटोद्याला हाय. आन् एक अध्यक्षसाहेबांचा ड्रायव्हर."

"अरे, मी डॉक्टरांबद्दल बोलत होतो!"

"तुमी माणसं म्हणालता, सर."

सर हसले नाहीत. पण त्या परिषदेत सगळ्यात जास्त गुलाबजाम कुणाच्या ताटात पडले असतील, हे ओळखा!

*

निवासी डॉक्टरांच्या संघटनेची मी सेक्रेटरी झाले, ती मीटिंगला नव्हते म्हणून. जो हजर नाही त्याचं नाव लिहायचं, ही आमची लोकशाही. त्या वर्षी आमची मागणी एकच होती, हॉस्टेलला आठवड्यातून दुसरा टँकर. काम बंद करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणून दंडाला काळी फीत बांधून काम करायचं ठरलं.

सकाळी दहाला फिती बांधल्या. अकरापर्यंत वॉर्डात कुजबुज सुरू झाली. नातेवाईक आमच्याकडे बघून हळहळत होते. बारा वाजता एक म्हातारी मावशी, सुनेसोबत दवाखान्यात राहिलेली, फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन ड्युटी रूमच्या दारात आली. "घ्या लेकरानू. दुक्क झालेल्या घरी चूल पेटत न्हाई."

तिच्यामागे अजून एक. मग अजून एक. अर्ध्या तासात टेबलावर सात घरच्या भाकरी! खरं काय ते सांगायची कुणाची छाती होईना. शिवाय मेसमध्ये पाणी नसल्यामुळे सकाळपासून आमचीही चूल पेटलेली नव्हतीच.

मावशीने बब्रूच्या पाठीवरून हात फिरवला. "कोण गेलं, बाळा?"

बब्रूच्या तोंडात घास. तसाच म्हणाला, "पाऊस गेला, मावशी."

म्हातारी खाली बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय बाबा. त्यो तर आमचाबी गेला."

त्यानंतर ती फीत दंडाला ठेवायची आम्हाला लाज वाटायला लागली. दुसरा टँकर मिळाला, पण कसा ते आठवत नाही. त्या भाकरीची चव आठवते.

*

आता माझ्या थीसिसची गोष्ट. हसायचं नाही असं आधीच सांगते, तरी तुम्ही हसणारच.

विषय होता खेड्यातल्या मजुरांचा रक्तदाब. मुळे डॉक्टरांच्या गावात ऑगस्टमध्ये शिबिर घेतलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे चाळीस जण निवडले, गोळ्या सुरू केल्या. जानेवारीत त्याच चाळीस जणांचा रक्तदाब पुन्हा मोजायचा. मी तीन रंगांत तक्ता काढला. सरांनी सही केली. कमिटीने कौतुक केलं. तक्ता ड्युटी रूमच्या भिंतीवर लावला.

दिवाळीनंतर एक दिवस लोखंडे सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. चष्मा वर करून वाचलं. "मॅडम, जानेवारीत हे लोक कुठं असतील?"

"घरी," मी म्हटलं.

"घराला कुलूप असंल. दाराशी कुत्रं. त्याचं मोजताव का?"

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि डोळ्यांपुढे अंधार! दसरा झाला की ही सगळी माणसं ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. एरवी गावात थोडी तरी राहतात, पण पाऊस नसल्यावर राहून करायचं काय? तलवाड्यात दसऱ्यानंतर निम्मी गल्ली रिकामी होते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण तक्ता काढताना मी डॉक्टर होते, तलवाड्याची नव्हते!

बब्रूने कपाळावर हात मारला. "तू बीडचीच हायस ना?"

सर कोकणातले, त्यांना माफ. मला कोण माफ करणार? दुसरं मोजमाप नाही तर थीसिस नाही. थीसिस नाही तर परीक्षा नाही. म्हणजे सहा महिने गेले, आणि बाबा त्याच उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. साऱ्या तलवाड्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की मी शाळेतून घरी येईन त्या दिवशी दारावर पाटी लागेल. मी स्टोअर रूममध्ये जाऊन रडले. सिस्टर आल्या, त्यांनी मला रुमाल दिला नाही. कापसाचा बोळा दिला. "हे घ्या. आन् जिथं लोक गेले तिथं जा की. बीपीच्या मशीनला पाय न्हाईत, तुमाला हायत."

*

पण जायचं कुठे? कारखाने पंचवीस, माणसं चाळीस. मुळे डॉक्टरांना पत्र लिहिलं. या वेळी मी लिहिलं, बब्रूला लिहू दिलं नाही. त्यांनी आम्हाला गावच्या सहकारी दूध सोसायटीच्या चेअरमनकडे नेलं. चेअरमन आबांनी माझी नावांची यादी एकदा वाचली आणि परत केली.

"पोरी, चाळीस माणसं शोधायची न्हाईत. तीन मुकादम शोधायचे."

झालं! कुठलं कुटुंब कुठल्या मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवून नेणाऱ्याच्या, टोळीत गेलं, हे आबांना तोंडपाठ. कारण जाताना लोक कुठल्या टोळीत चाललो ते सांगून म्हशी नातेवाइकांकडे ठेवून जात आणि कुणाची म्हैस कुणाच्या दावणीला, हे आबांना रोज दूध घेताना दिसायचंच. चाळीस जण, तीन मुकादम, कारखाने फक्त दोन. दोन्ही नगर जिल्ह्यातले, सहकारी. जे तीन रंगांच्या तक्त्याला जमलं नाही, ते म्हशींनी सांगितलं.

जानेवारीतल्या रविवारी बब्रू आणि मी निघालो. तो आठवड्यातला त्याचा एकमेव सुट्टीचा दिवस. पाऱ्याचं बीपीचं यंत्र मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पेटीत काय हाय?" सांगितलं. तेवढंच निमित्त! पुढच्या दोन थांब्यांत सगळी गाडी बाह्या वर करून तयार. आमची अख्खी ओपीडी एसटीत भरली. शेवटी एका थांब्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करून मागे आला आणि त्यानेही दंड पुढे केला.

मी मोजलं. बब्रूने आकडा बघितला. मी बब्रूकडे बघितलं.

"कसं हाय, मॅडम?" ड्रायव्हर म्हणाला.

"सांगते हं," मी म्हटलं. आणि कारखान्याच्या फाट्यावर दोघं सुखरूप खाली उतरल्यावर सांगितलं! त्याला चिठ्ठी लिहून दिली. महिन्याने तो आमच्या ओपीडीत हजर. फाट्यावर सुखरूप सोडल्याबद्दल आम्ही त्याचे, आणि चिठ्ठीबद्दल तो आमचा, असे आभार मानून झाले.

*

कारखान्याचा गाडीतळ तुम्ही बघितला नसेल तर सांगते. ऊस भरलेल्या बैलगाड्या वजनकाट्याकडे जायला रांगेत उभ्या. रांग तासन्तास हलत नाही. माणसं गाडीच्या सावलीत. थीसिससाठी याहून चांगली जागा जगात नसेल, कारण कुणी पळूनच जाऊ शकत नाही!

आम्ही मुकादमाचं नाव विचारत विचारत पोचलो. तर एका गाडीखालून आवाज आला, "अगं बया, आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई!" केशरबाई होती. माझ्या यादीतली सतरावी. उसाच्या वाळल्या पाल्यानं, पाचटानं, हातावर ओरखडे, पण तोंडभर हसू. पाच मिनिटांत साऱ्या रांगेत बातमी. त्या रविवारी तेवीस जणांचं झालं, पुढच्या रविवारी दुसऱ्या कारखान्यावर सतरा. चाळीसपैकी चाळीस!

काम संपल्यावर केशरबाई मला तिच्या कोपीवर घेऊन गेली. कोपी म्हणजे पाचटाची, आत वाकून जावं लागतं अशी झोपडी. मेढीच्या लाकडी खांबाला गोळ्यांची पिशवी टांगलेली, मी दिलेली. बाहेर तीन दगडांवर भलं मोठं पातेलं उकळत होतं. मला वाटलं चहा, तसं विचारलंही.

"चहा कावून एवढा?" ती म्हणाली. "आंघोळीचं हाय. तिकडं तुमाला पाणी न्हाई, म्हाईत हाय मला. इकडं पाटाला लई पाणी हाय. निवांत बसून घ्या."

सुट्टीचा दिवस देणारा बब्रू बाहेर बैलांशी गप्पा मारत राहिला आणि मी लुगड्याच्या आडोशाला बसून दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर आंघोळ केली. दिवसभर ऊस तोडणाऱ्या बाईनं माझ्यासाठी पाणी वाहिलं होतं. डोळे भरून आले, पण अंगावर इतकं पाणी होतं की कुणाला कळलं नाही. हे ऋण मला फेडायचंच नाहीये. राहू दे.

*

परीक्षा मे महिन्यात. बाहेरगावहून आलेले परीक्षक मोठे नावाजलेले होते, आणि तितकेच संशयी. त्यांनी माझा थीसिस उघडला, एक तक्ता बघितला, दुसरा बघितला आणि फाइल मिटून ठेवली.

"चाळीसपैकी चाळीस? स्थलांतर करणारे मजूर, दुष्काळाचं वर्ष, आणि एकही माणूस हातचा गेला नाही? डॉक्टर, शहरात माझे दहातले चार येत नाहीत. हे आकडे खोलीत बसून लिहिलेत."

मी सांगू लागले, गाडीतळ, मुकादम, म्हशी. म्हशींचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा आणखीच कडक झाला. सरांना बोलायची मुभाच नव्हती, मी त्यांचीच विद्यार्थिनी. मला पलंगाखालची पाटी दिसत होती.

"यातला एक तरी पेशंट इथे आहे का?" परीक्षकांनी विचारलं.

लोखंडे सिस्टर दारातच होत्या. "एक हाय सर. परीक्षेला बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना तपासायला म्हणून बोलावलीय. आणते."

त्यांनी वॉर्डातून केशरबाईला चालवत आणलं. परीक्षकांनी यादीतलं नाव आणि तिचं नाव पडताळून बघितलं. मग तिला काहीच न विचारता ते उठले, बीपीचा पट्टा उचलला आणि सरळ तिच्या दंडाकडे गेले.

केशरबाईनं हात मागे घेतला.

"थांबा की साहेब! आत्ता चालून आले न्हवं मी? आदी पाच मिन्टं बसायचं असतंय." असं म्हणून ती खुर्चीला पाठ टेकून बसली. दोन्ही पाय फरशीवर सपाट ठेवले. टेबलावरची माझी थीसिसची फाइल ओढली आणि हात बरोबर छातीच्या उंचीला येईल असा तिच्यावर ठेवला. "तिकडं कारखान्यावर बैलं उभी हुती, रांग हालाय लागलती, मुकादम वरडत हुता. तरीबी बाईनं आमाला आदी बसवलंच. आन् तवर बोलायचं न्हाई."

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी पट्टा खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ पुढे केलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

दोन मिनिटं गेली असतील. त्यांनी मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

केशरबाईनं ओठांवर बोट ठेवलं.